पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचं आता काय उरलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जुन्या एअरमेलच्या पाकिटांवर एक छोटं उत्तर दिलं होतं. त्यात जाता जाता लिहिलं होतं की १९३८-३९ मध्ये पुण्याहून विलायतेला विमानाने गेलेलं पत्र कराचीच्या पुढे बहुतेक फ्लाइंग बोटीतून जायचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या आणि पाण्यावरूनच उडणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानातून. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आल्या की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, आणि काही एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, नमस्कार. मुलगा आणि सूनबाई साउथहॅम्प्टनला असतात, मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे चाललोय. माझे सासरे विलायतेला शिकायला गेले ते बोटीने, पण १९३८ साली परत आले ते विमानाने. त्यांच्या डायरीत लिहिलंय की 'साउथहॅम्प्टनला विमानात बसलो, विमान पाण्यातून उठले'. घरात कुणाला हे नीट समजलं नव्हतं, आम्हाला वाटायचं काहीतरी लिहिण्यात गडबड झाली असेल. तिथे गेल्यावर त्यातलं काही बघायला मिळेल का? मुलगा म्हणतो की बंदरावर आता क्रूझच्या बोटी आणि फ्लॅट एवढंच आहे. (एक वाचक, कोथरूड)

काकू, डायरीत अगदी बरोबर लिहिलंय, आणि ती डायरी जपून ठेवा. १९३७ पासून ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेज या विमान कंपनीची भारताकडे, आफ्रिकेकडे आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडे जाणारी लांबची विमानं साउथहॅम्प्टनहून सुटायला लागली होती. विमानं शॉर्ट ब्रदर्स कंपनीची, 'एम्पायर' किंवा सी-क्लास म्हणायचे त्यांना. नाव सी-क्लास कारण प्रत्येक विमानाचं नाव इंग्रजी सी अक्षराने सुरू व्हायचं, कॅनोपस, सेंच्युरियन, कॉर्सेअर अशी. पहिलं कॅनोपस १९३६ च्या जुलैमध्ये उडालं, आणि कंपनीने तब्बल २८ विमानांची ऑर्डर ते उडायच्या आधीच, नुसत्या ड्रॉइंगवरून दिलेली होती. चार इंजिनं, पंखांची लांबी सुमारे ३५ मीटर, वजन पूर्ण भरल्यावर अठरा टनांच्या वर, आणि एवढ्या मोठ्या धुडात प्रवासी फक्त २४. वरच्या मजल्यावर वैमानिक आणि टपालाच्या थैल्या, खाली प्रवासी, त्यात एक केबिन अशी की खिडकीपाशी कठडा धरून उभं राहायचं आणि खालचं बघत बसायचं, कारण विमान फार उंच जातच नसे.

तुमचे सासरे मार्सेलिस, रोम, ब्रिंडिसी, अथेन्स, अलेक्झांड्रिया, मग गॅलिलीचं सरोवर, इराकमधलं हबानियाचं सरोवर, बसरा, बहारीन असे थांबत थांबत कराचीला आले असणार. रात्री विमान सहसा उडायचं नाही, प्रवाशांना किनाऱ्यावरच्या हॉटेलात किंवा रेस्ट हाउसात नेऊन झोपवायचे. तीन-चार दिवस लागायचे. जहाजाने पंधरा-वीस दिवस लागायचे त्या काळात हे काय वाटलं असेल याची कल्पना करा.

आता काय उरलंय ते. एक गोष्ट आधीच मनात पक्की धरा की पाण्यावर काहीही सापडणार नाही. धावपट्टी असती तर तिचं काँक्रीट गवतातून डोकं काढून दिसलं असतं, इथे धावपट्टी म्हणजे साउथहॅम्प्टनची खाडीच होती. त्यामुळे या सगळ्या प्रवासाच्या खुणा शोधायच्या त्या काठावर, म्हणजे विमान पाण्यातून वर ओढून घ्यायचे सिमेंटचे उतार, ज्यांना स्लिपवे म्हणतात, मोठी हँगरं, धक्के, आणि प्रवाशांना जमवायच्या इमारती. नवखा माणूस बंदरावर जाऊन पाण्याकडे बघत उभा राहतो आणि काहीच नाही म्हणून परत येतो, मला वाटतं तुमच्या मुलाचंही तेच झालंय.

वूल्स्टनपासून सुरुवात करा, ते शहरातच आहे, इचन नदीच्या पूर्वेच्या काठावर. इथे सुपरमरीनचा कारखाना होता, ज्यांनी पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान केलं तेच. आणि इथूनच १९२३ मध्ये इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटापर्यंत ब्रिटनमधली पहिली नियमित फ्लाइंग बोट सेवा चालू झाली, 'सी ईगल' नावाच्या विमानातून, सहा प्रवासी बसायचे. ती कंपनी पुढच्याच वर्षी इतर तीन कंपन्यांबरोबर एकत्र होऊन इम्पीरियल एअरवेज झाली. म्हणजे सासऱ्यांच्या प्रवासाचं मूळ त्या काठावर आहे. कारखाना १९४० च्या सप्टेंबरमध्ये बॉम्बिंगमध्ये उद्ध्वस्त झाला, त्यामुळे जुन्या इमारती बघायला मिळतील अशी आशा ठेवू नका. नदीचा काठ आणि तिथून दिसणारं पाणी मात्र तेच आहे, इचन ब्रिजवरून चालत गेलात तर सगळं एकदम नजरेत येतं.

मग समोरचा, म्हणजे खाडीच्या पश्चिमेचा काठ, हाइथ. सी-क्लास विमानांची देखभाल दुरुस्ती इथे व्हायची. आणखी पुढे, खाडी जिथे सोलेंट नावाच्या सामुद्रधुनीला मिळते तिथे वाळूच्या जिभेसारखी एक जागा आहे, कॅलशॉट. ती प्रवासी जागा नव्हती, हवाई दलाची होती, तरी जाच, कारण फ्लाइंग बोटी ठेवायची खरी जुनी हँगरं तिथे उभी आहेत आणि वापरात आहेत. मोठ्या हँगरात आता सायकलचा ट्रॅक आहे, चढाई शिकायच्या भिंती आहेत. मुलं खेळत असतात आणि वर मान करून बघितलं की कळतं, छप्पर एवढं उंच आणि दार एवढं रुंद कशासाठी ठेवलं होतं ते. मला असं वापरात राहिलेलं जुनं बांधकाम काचेतल्या वस्तूपेक्षा जास्त आवडतं.

काचेतलं नसलेलं पण म्युझियममधलं सगळ्यात मोठं म्हणजे सोलेंट स्काय म्युझियम, शहरातच ओशन व्हिलेजजवळ. तिथे शॉर्ट सँड्रिंगहॅम जातीची एक पूर्ण फ्लाइंग बोट आहे, नाव 'बीचकोंबर'. ही सासऱ्यांच्या विमानाच्या पुढच्या पिढीतली, युद्धातल्या संडरलँड विमानाचं प्रवासी रूप, आणि ती सिडनीहून लॉर्ड हाऊ बेटावर १९७४ पर्यंत प्रवासी नेत होती. आत शिरता येतं. शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की आपण विमानात नाही तर बोटीत आलोय, दार तसं, जिना तसा, खालचा भाग तसा. मूळ सी-क्लासचं एकही विमान जगात कुठेही शिल्लक नाही, सगळी बुडाली, युद्धात गेली किंवा भंगारात निघाली, तेव्हा त्या अनुभवाच्या जवळ जायचं तर हीच जागा. जायच्या आधी मुलाला उघडायचे दिवस आणि वेळा बघायला सांगा, लहान म्युझियमं रोज उघडी असतीलच असं नाही.

ईस्टर्न डॉक्समध्ये बर्थ नंबर ५० वर १९४८ च्या एप्रिलमध्ये खास फ्लाइंग बोटींसाठी नवीन टर्मिनल उघडलं होतं, तिथून जोहान्सबर्गची विमानं सुटायची, वाटेत नाईल नदीवर लक्झर, खार्टूम, मग व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरचं पाणी. दोन-अडीच वर्षांतच, १९५० च्या नोव्हेंबरमध्ये बीओएसीने, म्हणजे इम्पीरियलच्या जागी आलेल्या सरकारी विमान कंपनीने, फ्लाइंग बोटी बंद केल्या. ते टर्मिनल आता नाही. मला त्याची फार हळहळ वाटते, एवढी एक इमारत ठेवली असती तर शहराला हा इतिहास वेगळा सांगावा लागला नसता.

आणि काकू, लंडनला गेलात की व्हिक्टोरिया स्टेशनच्या बाजूने बकिंगहॅम पॅलेस रोडवर चालत जा. मधोमध घड्याळाचा उंच टॉवर असलेली आणि दारावर पृथ्वीच्या गोळ्यावर उभ्या दोन पंखवाल्या आकृती असलेली एक इमारत दिसेल. १९३९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने बांधलेलं हे टर्मिनल, प्रवासी इथे सामान द्यायचे आणि मागच्या प्लॅटफॉर्मवरून थेट साउथहॅम्प्टनच्या गाडीत बसायचे. सासरे १९३८ चे म्हणजे ते या इमारतीतून गेले नसणार, पण त्या प्रवासाची लंडनमधली सगळ्यात ठसठशीत खूण हीच आहे. आता तिथे त्यांचं सरकारी ऑडिट ऑफिस आहे, बाहेरूनच बघायचं.

मी मेकॅनिकलला आहे. विमान पाण्यावर उतरवणं जमिनीपेक्षा सोपं की अवघड? आणि मुळात एवढा खटाटोप कशासाठी? (विद्यार्थी, पिंपरी)

खटाटोप धावपट्ट्यांसाठी, किंवा खरं तर त्या नसल्यामुळे. तीसच्या दशकात लांब जायचं तर भरपूर इंधन घ्यायला लागायचं, म्हणजे वजन वाढलं, म्हणजे उडायला लांब पळायला लागणार, आणि अथेन्सपासून रंगूनपर्यंत जागोजाग एवढ्या लांब आणि एवढं वजन सोसणाऱ्या पक्क्या धावपट्ट्या कोण बांधून ठेवणार होतं. बहुतेक ठिकाणी नुसतं गवताचं किंवा मातीचं मैदान. त्याउलट बंदराच्या शहरात पाणी आयतं मिळतं, कितीही लांब पळा, शिवाय कस्टम, हॉटेल, रेल्वे सगळं धक्क्यावर आधीच तयार. समुद्रावरून जाताना इंजिन बंद पडलं तर पाण्यावर उतरता येईल हा धीर प्रवाशांना वाटायचा तो वेगळाच.

आता तुझा खरा प्रश्न. फ्लाइंग बोटीचं पोटच बोटीच्या तळासारखं असतं, हल्लीच्या छोट्या सी-प्लेनला खाली दोन तराफे लावलेले असतात तसं नाही. त्या तळाला मधे एक पायरी असते, आडवी, मुद्दाम केलेली. वेग वाढला की पाणी तळाला चिकटून धरतं, ओढ सोडत नाही, त्या पायरीपाशी पाण्याची धार तुटते, खाली हवा शिरते आणि विमान मोकळं होऊन पुढच्या अर्ध्या तळावर घसरायला लागतं, मग उडतं. ही पायरी नसेल तर कितीही ताकदीचं इंजिन लावलं तरी मोठी बोट पाण्यातून सुटायला मुश्कील. मजा अशी की पाणी अगदी शांत असलं की जास्त त्रास, ओढ सुटत नाही आणि उतरताना वैमानिकाला पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे हेच कळत नाही, सगळं काचेसारखं. मग लाँच पाठवून पाण्यावर मुद्दाम लाटा उठवायचे. लाँचला दुसरं काम, उतरायच्या वाटेत तरंगणारा ओंडका वगैरे आहे का ते बघून वाट साफ ठेवायची, कारण वेगात असताना एक ओंडका तळ फाडायला पुरे. जमिनीवर ही सगळी माणसं लागत नाहीत. उतरणं सोपं-अवघड हे हवामानावर, पण महाग नक्कीच होतं.

पुण्याहून १९३८ मध्ये कुणाला असं जायचं असेल तर तो कसा जायचा? पुण्याचा या सगळ्याशी काही संबंध आला का? (सेवानिवृत्त वाचक, सदाशिव पेठ)

आला, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. इंग्लंडहून येणारी मुख्य लाईन कराचीला यायची आणि तिथून थेट पूर्वेला कलकत्त्याकडे निघून जायची, मुंबई त्या वाटेवर नव्हतीच. मुंबई जोडली ती जेआरडी टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला स्वतः पस मॉथ विमान चालवत टपाल आणून. पुण्याचा माणूस रेल्वेने मुंबईला, जुहूहून टाटांच्या विमानाने कराचीला, आणि कराचीजवळच्या कोरंगी खाडीवर फ्लाइंग बोटीत, अशी साखळी.

पण जुहू म्हणजे तेव्हा समुद्राला लागून असलेली चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, विमान उतरवणंच शक्य नाही. मग काय करायचे, तर टाटांचा सगळा संसार, दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, पावसाळ्यापुरता पुण्याला हलायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपालाची विमानं उडायची. जेआरडींनी स्वतः ही आठवण सांगितलेली आहे. म्हणजे त्या सुरुवातीच्या वर्षांत पावसाळ्याचे महिने विलायतेच्या हवाई टपालाच्या साखळीतली एक कडी येरवड्यात होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपण पुण्याच्या विमानांचा इतिहास लोहगावपासून धरतो, लोहगाव १९३९ च्या सुमाराचं, तेही हवाई दलासाठी. त्याच्या आधीचं येरवड्याचं मैदान कुठल्या पाटीवर लिहिलेलं मला दिसलेलं नाही, आणि ते लिहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि बघा, जुहूची धावपट्टी चिखलात जायची ही जी अडचण, तीच जगभर होती म्हणून तर फ्लाइंग बोटी आल्या. आपल्याकडे त्याच अडचणीवर उत्तर निघालं ते घाट चढून वर येण्याचं.

आमच्या सिंहगड रोडच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की इंग्रजांच्या काळात प्रवासी विमानं खडकवासल्याच्या पाण्यावर उतरायची. खरंय का?

नियमित प्रवासी मार्गावर खडकवासला नव्हता. कराचीपासूनचे थांबे ठरलेले होते, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. पुढे पाठवू नका.

भारतात मग त्या बोटी नदीवर उतरायच्या का? त्या जागा आज बघता येतील? (एक वाचक, औंध, असाच प्रश्न हडपसरहूनही)

नदीवर आणि तलावावर. सी-क्लासचा पल्ला हजार-बाराशे किलोमीटरच्या आसपास, कराची ते कलकत्ता त्याच्या जवळपास दुप्पट, समुद्रावरून कन्याकुमारीला वळसा घालून जायचं तर फारच लांब, म्हणून जमिनीच्या मधोमध मोठं पाणी शोधावं लागलं. राजस्थानात ते मिळालं राजसमंदला. सतराव्या शतकात महाराणा राजसिंहांनी बांधलेला तलाव, त्याच्या बांधावर संगमरवरी नौचौकी, तिथे राजप्रशस्तीचा संस्कृत शिलालेख कोरलेला, आणि त्याच पाण्यावर इम्पीरियल एअरवेजच्या बोटी उतरायच्या. आपल्याकडचे कितीतरी लोक श्रीनाथजींच्या दर्शनाला नाथद्वाराला जातात, कांकरोली आणि राजसमंद तिथून अगदी जवळ. बांधावर उभं राहिलात की एक क्षण शिलालेखाकडे पाठ करून पाण्याची लांबी बघा, विमानाला एवढी सरळ लांबी का लागत होती ते डोळ्यांनी कळेल.

अलाहाबादला यमुनेवर उतरायचे. कलकत्त्याला हुगळीवर, बालीजवळ, तेव्हाचा विलिंग्डन ब्रिज म्हणजे आताचा विवेकानंद सेतू, दक्षिणेश्वरच्या देवळाला लागून. दक्षिणेश्वरला गेलात तर घाटावरून तो पूल समोर दिसतोच, त्या काळच्या फोटोंमध्ये नदीवर तरंगणारी फ्लाइंग बोट तिथलीच. याच हुगळीवर १९३९ च्या जूनमध्ये सेंच्युरियन उतरताना उलटली आणि बुडाली, माणसं वाचली.

मुंबईबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. नियमित प्रवासी थांबा नव्हता हे वर आलंच, पण १९२७ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या चार सुपरमरीन साउथहॅम्प्टन बोटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या त्या वाटेत कराचीनंतर मुंबईला थांबल्या होत्या. या मोठ्या समुद्री वाटा प्रवाशांसाठी जमतील का याची ती एक प्रकारे रंगीत तालीमच होती.

आमची मुलगी बे एरियात, भाऊ दुबईत, आणि पुढच्या वर्षी सिंगापूरची टूर आहे. तिकडे काही बघण्यासारखं? (बाणेर)

तुमचं तर तिन्ही ठिकाणी जमतंय. दुबईच्या क्रीकवर १९३७ पासून इम्पीरियलच्या बोटी उतरायच्या, आज जिथे अब्रा म्हणजे छोट्या होड्या इकडून तिकडे जातात तीच क्रीक. खूण म्हणून उभं असलेलं बघायचं तर शारजाला जा. तिथे १९३२ चा विमानतळ आणि किल्ल्यासारखं बांधलेलं रेस्ट हाउस होतं, जमिनीवर उतरणाऱ्या विमानांसाठी, आता ते अल महत्ता म्युझियम आहे. मॉल एक कमी करा आणि हे बघा.

सिंगापूरला कल्लंगचा जुना विमानतळ, १९३७ च्या जूनमध्ये उघडला, गोल धावमैदान आणि शेजारीच फ्लाइंग बोटींसाठी पाण्यात उतरणारा स्लिपवे असं दोन्ही एकाच ठिकाणी. गोल काचेच्या टॉवरची टर्मिनलची इमारत जपलेली आहे. टूरवाले नेणार नाहीत, आपण वेळ काढून जायचं.

बे एरियात ओकलंड एव्हिएशन म्युझियममध्ये एक शॉर्ट सोलेंट आहे, बर्थ ५० वरून जोहान्सबर्गला जाणाऱ्या बोटींच्याच जातीची, ही चुकवू नका. पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीचं चायना क्लिपर २२ नोव्हेंबर १९३५ ला पॅसिफिक ओलांडायला निघालं ते तिथल्याच अलमीडाहून. पॅन अ‍ॅमची सगळ्यात मोठी बोट, बोइंग ३१४, बारा बांधल्या आणि आज एकही नाही. आयर्लंडमध्ये फॉइन्सला त्यांच्या जुन्या तळावर म्युझियम आहे, तिथे पूर्ण आकाराची प्रतिकृती केलीय.

अमेरिकेत दुसरीकडे कुणी जाणार असेल तर त्यांच्यासाठी दोन नावं. मायामीत डिनर की म्हणून भाग आहे, तिथलं पॅन अ‍ॅमचं फ्लाइंग बोट टर्मिनल १९५४ पासून शहराचं सिटी हॉल आहे, म्हणजे त्यांची महापालिका चक्क तिथे बसते. आणि न्यूयॉर्कच्या ला गार्डियाचं मरीन एअर टर्मिनल, १९४० चं, बाहेरच्या भिंतीवर उडत्या माशांची नक्षी, आत गोल भिंतीवर जेम्स ब्रूक्स यांचं प्रचंड चित्र, आणि ते आजही टर्मिनल म्हणून चालू आहे. अशा इमारती टिकल्या कारण कुणीतरी त्यांना दुसरं काम दिलं किंवा तेच काम चालू ठेवलं. साउथहॅम्प्टनला ते झालं नाही.

सुरक्षित होत्या का हो त्या? (कर्वेनगर)

आजच्या हिशोबाने नाही. १९३५ च्या शेवटच्या दिवशी 'सिटी ऑफ खार्टूम' अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात कोसळली, तेरापैकी फक्त वैमानिक वाचला. सी-क्लासचेही बरेच अपघात झाले.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कॉर्सेअरची. १९३९ च्या मार्चमध्ये आफ्रिकेत ही बोट वाट चुकली, इंधन संपत आलं, आणि वैमानिकाने ती बेल्जियन काँगोतल्या डुंगू नावाच्या अरुंद नदीवर उतरवली. सगळे सुखरूप, पण तळ खडकावर फाटला. जंगलात, रस्ता धड नाही. इंग्लंडहून माणसं आली, तिथल्या लोकांना बरोबर घेऊन दुरुस्ती केली, उडवायचा प्रयत्न केला तर परत तळ फाटला, मग त्यांनी नदीवर चक्क बंधारा घालून पाणी वाढवलं आणि १९४० च्या जानेवारीत बोट उडवून बाहेर काढली. दहा महिने. तोपर्यंत महायुद्ध सुरू झालं होतं आणि प्रत्येक बोट लाखमोलाची झाली होती.

एवढं चांगलं होतं तर बंद का पडलं, आणि परत येईल का? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

महायुद्धाने बंद पाडलं. त्या सहा वर्षांत लष्करांनी जगभर लांब काँक्रीटच्या धावपट्ट्या बांधून ठेवल्या, म्हणजे जी गोष्ट नाही म्हणून फ्लाइंग बोटी आल्या ती एकदम सगळीकडे हजर झाली. कॉन्स्टेलेशनसारखी जमिनीवरची विमानं जास्त वेगात आणि जास्त उंचावरून जायला लागली. बोटीला लाँच, खलाशी, बॉया, खाऱ्या पाण्याने गंजणारं पोट, रात्री आणि धुक्यात बंद. हिशोब जुळेना. सी-प्लेनच्या छोट्या सेवा आपल्याकडेही झाल्या, ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादच्या साबरमतीहून केवडियाची सुरू झाली आणि पुढच्या वर्षी थांबली. बेटांसाठी त्यांना जागा आहे असं माझं मत आहे. दुमजली, कठड्याला टेकून खाली बघत जायची मोठी बोट मात्र परत येणार नाही.

आमच्याकडे १९३८-३९ ची एअरमेलची पाकिटं आहेत, आजोबांनी तिकिटं सोडवून अल्बम करायला सांगितलं होतं. करू का? (कॅम्प)

कृपा करून तिकिटं सोडवू नका. १९३८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारची एम्पायर एअर मेल योजना भारतापर्यंत आली, साध्या टपालाच्या दरातच पत्रं विमानाने यायला लागली, ब्रिटनहून अर्ध्या औंसाला दीड पेनी, त्यामुळे त्या वर्षांची पाकिटं घराघरांत सापडतात आणि लोकांना ती साधी वाटतात. पण त्या पाकिटाची किंमत तिकिटात नाही, तिकीट, शिक्का, पत्ता आणि तारीख एकत्र असण्यात आहे. शिक्क्यांच्या तारखांवरून पत्राला किती दिवस लागले आणि ते कुठल्या वाटेने आलं हे जुन्या वेळापत्रकांशी ताडून सांगता येतं. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, स्टेपल असेल तर हळूच काढा, आम्लविरहित कागदात आडवी ठेवा आणि पावसाळ्यात कपाटातली ओल बघत जा. आतली पत्रं त्या त्या पाकिटातच राहू द्या. आणि स्कॅन करताना पाकिटाच्या दोन्ही बाजू करा, पोचल्याचा शिक्का बऱ्याचदा मागच्या बाजूला असतो.